आंतेनोर फिर्मँ यांची मुत्सद्देगिरी आणि राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतेनोर फिर्मँ कोण होते?

हैतीचे वकील, पत्रकार, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि राजदूत. जन्म १८ ऑक्टोबर १८५० रोजी उत्तर हैतीतल्या काप-आयिस्यँ शहरात झाला. मृत्यू १९ सप्टेंबर १९११ रोजी सेंट थॉमस बेटावर, म्हणजे परदेशात झाला. मानववंशाच्या समतेवर १८८५ साली लिहिलेल्या ग्रंथामुळे आज त्यांचं नाव जास्त घेतलं जातं. पण त्यांच्या देशाने त्यांना आधी ओळखलं ते १८९१ साली अमेरिकेला आपलं एक बंदर न देणारा मंत्री म्हणून. या पानावरची बहुतेक उत्तरं त्या दुसऱ्या फिर्मँविषयी आहेत.

नावाचा उच्चार कसा करायचा?

‘फिर्मँ’, शेवटी अनुनासिक. ‘फर्मिन’ किंवा ‘फिरमिन’ हे इंग्रजी वळणाचे उच्चार आहेत. पूर्ण नाव जोसेफ ओग्यूस्त आंतेनोर फिर्मँ. त्यांचं जन्मगाव आपल्याकडच्या नकाशांवर ‘कॅप-हैतियन’ असं सापडेल. शोधताना दोन्ही रूपं वापरून पाहा.

ते राजकारणात कसे आले?

साध्या घरातून आणि बऱ्याच वळणांनी. सतराव्या वर्षीच ते शिकवू लागले. पुढे जकात खात्यात आणि एका व्यापारी पेढीत काम केलं आणि कायद्याचा अभ्यास केला. जकात आणि पेढी या दोन नोकऱ्यांचं महत्त्व चरित्रांत हमखास सुटतं. हैतीच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः बंदरातल्या जकातीतून यायचा, आणि त्यातही कॉफीच्या निर्यातीवरचा कर मोठा. कोणता माल कुठे उतरतो, पावती कुठे फाटते, पैसा कुठे मुरतो, हे त्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. पुढे अर्थमंत्री झालेल्या माणसाला हे आधीच माहीत होतं.

१८७८ मध्ये त्यांनी काप-आयिस्यँमध्ये ‘ल मेसाजे द्यू नोर’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. १८७९ मध्ये संसदेची निवडणूक लढवली आणि हरले. ते लिबरल पक्षाचे होते, आणि त्याच वर्षी सत्तेवर आलेले अध्यक्ष सालोमों नॅशनल पक्षाचे. लिबरलांवर ‘हा सावळ्या, मिश्रवंशीय उच्चभ्रूंचा पक्ष’ असा शिक्का होता. फिर्मँ स्वतः कृष्णवर्णीय. तरीही ते त्या पक्षात राहिले, कारण राज्य रंगावर नव्हे तर कायद्यावर चालावं ही त्यांची धारणा होती. १८८३ मध्ये दक्षिण अमेरिकेचे स्वातंत्र्यनेते सिमोन बोलिव्हार यांच्या जन्मशताब्दीसाठी ते हैतीचे प्रतिनिधी म्हणून व्हेनेझुएलातल्या काराकासला गेले. सालोमों यांच्या सरकारात मात्र त्यांनी पद घेतलं नाही, आणि आधी सेंट थॉमसला, मग पॅरिसला गेले.

पॅरिसमधला तो ग्रंथ नेमका काय आहे?

‘मानववंशांची समता’ असा त्याच्या शीर्षकाचा सरळ अर्थ. प्रकाशन १८८५, पानं साडेसहाशेच्या वर. शीर्षक फ्रेंच लेखक गोबिनो यांच्या १८५३ ते १८५५ दरम्यान निघालेल्या ‘वंशांच्या विषमते’वरच्या ग्रंथाला उलटं करून ठेवलेलं आहे. म्हणून तो फक्त गोबिनोंना दिलेला जबाब आहे असं बरेच जण लिहितात. ते अपुरं आहे. गोबिनो हे लेखक होते, मोजमापवाले शास्त्रज्ञ नव्हते. फिर्मँ यांचा खरा सामना होता पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळाशी, म्हणजे पॉल ब्रोका आणि त्यांच्या शिष्यांच्या पट्टीशी आणि कंपासाशी. त्याच मंडळाचे ते १८८४ मध्ये सभासद झाले होते. शिफारस करणाऱ्यांत दुसरे हैतियन विद्वान लुई-जोसेफ जान्विये होते. सभेत आपण वाद काढला तर आगंतुक ठरू, हे त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं आहे. म्हणून उत्तर ग्रंथातून दिलं.

कवट्यांच्या मोजमापाला त्यांनी काय उत्तर दिलं?

आधी मोजमाप कसं व्हायचं ते पाहू. कवटीची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा झाला ‘शीर्षनिर्देशांक’. कवटी १८० मिलिमीटर लांब आणि १३५ मिलिमीटर रुंद असेल तर निर्देशांक ७५. आकडा लहान म्हणजे डोकं लांबट, मोठा म्हणजे गोल. कवटीचं आकारमान काढायला ब्रोका तिच्यात शिशाचे छर्रे भरायचे आणि ते मापात ओतून मोजायचे.

फिर्मँ यांनी नव्या कवट्या गोळा केल्या नाहीत. त्यांनी त्याच शास्त्रज्ञांचे छापील तक्ते घेतले आणि ओळीने वाचले. तेव्हा दिसलं की लांबट डोकं आफ्रिकेत आहे तसं युरोपातही आहे. एकाच ‘वंशा’तल्या दोन टोकांमधला फरक हा दोन ‘वंशां’च्या सरासरीतल्या फरकाहून मोठा निघतो. एका निर्देशांकाने लावलेला क्रम दुसऱ्या निर्देशांकाने मोडतो. मग श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड या आकड्यांतून निघतेच कशी? क्रम आधीच मनात ठरलेला आहे आणि आकडे मागून आणले आहेत, हे त्यांनी तक्त्यांच्याच आधारे दाखवलं. ग्रंथात प्राचीन इजिप्त आणि हैतीचा इतिहास यांवरही बरंच आहे. इजिप्तवरच्या प्रकरणांतले काही दावे आजच्या वाचकाने सावधपणे घ्यावेत. तक्त्यांवरची प्रकरणं मात्र आजही भक्कम उभी आहेत.

मंडळाने ग्रंथाची गंभीर दखल घेतली नाही. पुढे १८९२ मध्ये तिथल्याच एका बैठकीत, तुमच्या बुद्धीमागे एखादा गोरा पूर्वज आहे का, असं त्यांना विचारण्यात आलं.

मराठी वाचकाला या वादाचा काही जवळचा धागा आहे का?

आहे, आणि तो थेट मोजपट्टीचाच आहे. ब्रोकांचे शिष्य पॉल तोपिनार यांची पद्धत ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी १८८०च्या दशकात बंगालमध्ये आणली आणि नाकाच्या निर्देशांकावरून जातींची उतरंड लावू पाहिली. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये या आकड्यांची फेरतपासणी केली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात नाकाच्या मापांचे तेच आकडे घेऊन दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. फिर्मँ आणि बाबासाहेब यांचा परस्परांशी संबंध जोडू नये. पण विरोधकाचाच तक्ता उघडून त्याच्यावर उलटवण्याची रीत दोघांची एक आहे.

१८८९ च्या राज्यघटनेशी त्यांचा काय संबंध?

१८८८ मध्ये सालोमों पडले आणि यादवी पेटली. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स लेजितिम यांच्याकडे, उत्तर भाग फ्लोर्व्हिल इपोलित यांच्याकडे. फिर्मँ उत्तरेच्या बाजूने होते. इपोलित जिंकले, गोनाईव्ह शहरात घटनासमिती बसली, आणि ९ ऑक्टोबर १८८९ च्या घटनेच्या मसुद्यात फिर्मँ यांचा मोठा वाटा होता. घटनेच्या पहिल्याच कलमात म्हटलं होतं की देशाचा भूप्रदेश आणि त्याची बेटं अभंग आहेत, आणि ती कोणत्याही तहाने किंवा कराराने परक्याला देता येणार नाहीत. हे कलम लक्षात ठेवा. दीड वर्षाने ते मुख्य हत्यार ठरलं. ही घटना १९१८ पर्यंत टिकली.

मोल सँ-निकोला प्रकरण काय होतं?

मोल सँ-निकोला हे हैतीच्या वायव्य टोकाचं खोल आणि सुरक्षित बंदर. समोर क्युबा, मधे विंडवर्ड सामुद्रधुनी. पनामाच्या बाजूने उत्तर अमेरिकेकडे जाणारी जहाजं याच वाटेने जातात. त्या काळची युद्धनौका कोळशावर चालायची. कोळसा संपला की ती निकामी. म्हणून अमेरिकी नौदलाला कॅरिबियन समुद्रात कोळसा भरायला हक्काचं ठाणं हवं होतं. यादवीत आपण इपोलित यांना मदत केली, त्याची परतफेड म्हणून बंदर मिळावं, असा अमेरिकेचा सूर होता. अध्यक्ष होते हॅरिसन, परराष्ट्रमंत्री ब्लेन.

फिर्मँ यांनी वाटाघाटी कशा हाताळल्या?

हे प्रकरण पायरी-पायरीने समजून घेण्यासारखं आहे, कारण सारं यश पायऱ्यांमध्ये आहे.

जानेवारी १८९१ च्या अखेरीस अॅडमिरल बँक्रॉफ्ट गेरार्डी पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या बंदरात आले आणि अध्यक्ष इपोलित व फिर्मँ यांना भेटले. अमेरिकेचे तिथले नियमित दूत होते फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामगिरीतून सुटलेले थोर वक्ते. बोलणी मात्र अॅडमिरलच्या हाती दिली होती. मागणी होती बंदर भाडेपट्ट्याने देण्याची. जोडीला एक अट होती: जोपर्यंत अमेरिकेकडे हा पट्टा आहे तोपर्यंत हैतीने दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राला आपलं कोणतंही बंदर किंवा भूभाग भाड्याने देऊ नये, किंवा तिथे खास सवलत देऊ नये.

फिर्मँ यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. त्यांनी अधिकारपत्र मागितलं. दोन सार्वभौम देशांत तहाची बोलणी करणाऱ्याकडे राष्ट्रप्रमुखाच्या सहीचा पूर्णाधिकार हवा, ही साधी रीत. अॅडमिरलकडे होत्या त्या परराष्ट्र खात्याच्या सूचना, अध्यक्षांची सही नव्हती. आक्षेप इतका बिनचूक होता की वॉशिंग्टनला नवं पत्र पाठवणं भाग पडलं. त्यात फेब्रुवारी आणि मार्च गेले. छोट्या देशाकडे आरमार नसतं, पण वेळ असतो, आणि त्या वेळात पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये लोकमत पक्कं झालं.

एप्रिलच्या मध्यानंतर अमेरिकेचा पांढऱ्या रंगाचा नवा ताफा बंदरात येऊन उभा राहिला. आधीची जहाजं धरून शंभर तोफा आणि दोन हजार माणसं, असा आकडा डग्लस यांनीच पुढे छापला. ही मोठी चूक ठरली. दबाव उघडा पडला, आणि उघड्या दबावाखाली सही करणारं कोणतंही हैतियन सरकार आठवडाभरही टिकलं नसतं.

नवं अधिकारपत्र आल्यावर २२ एप्रिल १८९१ रोजी फिर्मँ यांनी लेखी नकार दिला. कारणं दोन. एक, ती अट मान्य करणं म्हणजे देशाच्या सार्वभौमत्वाचा भंग आणि घटनेच्या पहिल्या कलमाचं उल्लंघन. दोन, बंदरात परक्या ताफ्याच्या छायेत होकार दिला तर तो धाकाने दिला असं जग समजेल. सोबत, हा नकार अमेरिकेविषयीच्या अविश्वासातून नाही, असं सौजन्याचं वाक्यही होतं. पत्रात कुठेही आदळआपट नाही, आणि चर्चा पुन्हा उघडायला फटही नाही. ताफा निघून गेला. अमेरिकेने पुढे १९०३ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर, क्युबातल्या ग्वांतानामोला तळ घेतला.

अपयशाचा दोष डग्लस यांच्यावर का आला?

अमेरिकी वर्तमानपत्रांनी लिहिलं की डग्लस कृष्णवर्णीय असल्याने त्यांनी हैतीची बाजू घेतली. हे खरं नव्हतं. ठाणं मिळावं असंच डग्लस यांचं मत होतं, फक्त धाकाने नको. त्यांनी त्याच उन्हाळ्यात राजीनामा दिला आणि शरद ऋतूत एका मासिकात दोन भागांत सगळी हकिकत छापली. त्यात त्यांनी आणखी एक कारण सांगितलं. त्याच सुमाराला न्यू यॉर्कची क्लाइड कंपनी आगबोटींच्या सेवेसाठी हैतीकडे अनुदानाचा लकडा लावून बसली होती, त्यामुळे बोलणी सुरू होण्याआधीच मनं कडवट झाली होती.

मग फिर्मँ यांचं मंत्रिपद का गेलं?

१८९१ मध्येच त्यांनी मंत्रिमंडळ सोडलं आणि पुन्हा परदेशी गेले. विजयानंतर दोन-तीन आठवड्यांतच मंत्री बाहेर, हे हैतीच्या त्या काळच्या राजकारणात नवलाचं नव्हतं. इपोलित १८९६ मध्ये वारले, तिरेझियास सिमों साम अध्यक्ष झाले, आणि फिर्मँ काही महिने पुन्हा अर्थ आणि परराष्ट्र खात्यांवर आले. डिसेंबर १८९७ मध्ये जर्मन युद्धनौकांनी ल्यूडर्स नावाच्या व्यक्तीच्या अटकेवरून हैतीकडून वीस हजार डॉलर उकळले, तेव्हा मात्र ते पदावर नव्हते. १९०० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये हैतीचे दूत झाले.

१९०२ चा सत्तासंघर्ष नेमका कशावरून पेटला?

तारखेवरून. घटनेप्रमाणे अध्यक्षाची मुदत सात वर्षांची आणि ती १५ मेपासून मोजायची. साम निवडून आले ३१ मार्च १८९६ ला. मग त्यांची सात वर्षं १५ मे १८९६ पासून धरायची की मागच्या, म्हणजे १८९५ च्या १५ मेपासून? पहिला हिशेब धरला तर मुदत १९०३ पर्यंत, दुसरा धरला तर १९०२ पर्यंत. घटनेचा रोख दुसऱ्याकडे होता. वाद वाढला, आणि १२ मे १९०२ रोजी साम पायउतार झाले.

फिर्मँ परतले. नव्या पिढीचे शिकलेले तरुण त्यांच्यामागे होते, त्यांना ‘फिर्मिनिस्त’ म्हणत. समोर होते वयाची ऐंशी ओलांडलेले जनरल नोर आलेक्सी, ज्यांच्या हाती उत्तरेची फौज होती. जूनच्या अखेरीस काप-आयिस्यँमध्ये निवडणुकीवरून गोळीबार झाला. फिर्मँ समुद्रमार्गे गोनाईव्हला गेले आणि आर्तिबोनीत भागात त्यांचं वेगळं सरकार उभं राहिलं.

‘क्रेत-आ-प्येरो’ जहाजाचं काय झालं?

सुमारे ९४० टनांची ही तोफनौका हैतीच्या छोट्या आरमाराचा कणा होती, आणि तिचे अॅडमिरल हॅमर्टन किलिक फिर्मँ यांच्या बाजूने होते. सप्टेंबर १९०२ च्या सुरुवातीला किलिक यांनी ‘मार्कोमानिया’ हे जर्मन व्यापारी जहाज अडवलं आणि त्यावरची नोर आलेक्सी यांच्यासाठी चाललेली शस्त्रं काढून घेतली. अडचण कायद्याची होती. यादवीतल्या एका बाजूला परकी राष्ट्रं ‘युद्धमान पक्ष’ म्हणून मान्यता देतात तेव्हाच तिला तटस्थ जहाज तपासण्याचा हक्क मिळतो. ती मान्यता नव्हती, म्हणून जर्मनीने याला चाचेगिरी ठरवलं.

६ सप्टेंबरला ‘पांथर’ ही जर्मन तोफनौका गोनाईव्हला आली आणि जहाज ताब्यात द्या म्हणाली. किलिक यांनी खलाशांना किनाऱ्यावर उतरवलं, स्वतः मागे राहिले आणि दारूगोळ्याला आग लावली. जहाज त्यांच्यासकट गेलं. हैतीत आजही हा प्रसंग ताठ मानेने सांगितला जातो. फिर्मँ यांच्या दृष्टीने मात्र समुद्र हातचा गेला: बंदरांमधली ने-आण थांबली, रसद तुटली. ऑक्टोबरमध्ये ते देश सोडून सेंट थॉमसला गेले. २१ डिसेंबर १९०२ ला नोर आलेक्सी अध्यक्ष झाले.

ते निवडणुकीने अध्यक्ष का होऊ शकले नाहीत?

अध्यक्ष थेट जनता निवडत नव्हती, संसद निवडत होती. म्हणून जो फौज घेऊन राजधानीत आधी पोहोचेल त्याच्यापुढे सभासद मान तुकवत. फिर्मँ यांनी आधी प्रतिनिधी निवडून आणू, मग संसदेत बहुमत करू, असा घटनेचा रस्ता धरला. आमच्या मते त्यांची खरी चूक हीच की ज्या शहरात प्रतिस्पर्ध्याची फौज होती तिथूनच उभे राहिले.

१९०८ साली काय झालं?

जानेवारीत गोनाईव्ह आणि सँ-मार्कमध्ये फिर्मँ समर्थकांचा उठाव झाला आणि दडपला गेला. मार्चच्या मध्यावर पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये रात्रीत अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत कवी मासियों कुआकू आणि त्यांचे भाऊ होते. डिसेंबरमध्ये नोर आलेक्सी पडले. नवे अध्यक्ष आंत्वान सिमों यांनी फिर्मँ यांना दूत म्हणून आधी हवानाला, मग लंडनला पाठवलं. मानाचं पद, आणि राजधानीपासून लांब. ऑगस्ट १९११ मध्ये सिमों यांची सत्ता गेली, फिर्मँ जहाजाने आले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. लेकोंत अध्यक्ष झाले. फिर्मँ सेंट थॉमसला परतले आणि महिन्याभरात वारले. ते बेट तेव्हा डेन्मार्कचं होतं.

कॅरिबियन बेटांच्या संघराज्याची त्यांची कल्पना काय होती?

हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, क्युबा, पोर्तो रिको यांनी एकमेकांच्या स्वातंत्र्याला आधार देणारा संघ करावा. पोर्तो रिकोचे स्वातंत्र्यवादी नेते बेतान्सेस पॅरिसमध्ये त्यांच्या परिचयाचे होते, आणि क्युबाचे स्वातंत्र्यनेते होझे मार्ती त्यांना १८९३ मध्ये काप-आयिस्यँला भेटले.

लेखांमध्ये हमखास आढळणाऱ्या चुका कोणत्या?

‘अध्यक्ष फिर्मँ’ असं कुठे दिसलं तर तो लेख बाजूला ठेवा, ते कधीच अध्यक्ष झाले नाहीत. जान्विये आणि फिर्मँ यांची गल्लत होते. दोघेही हैतियन, दोघेही पॅरिसच्या त्या मंडळात, दोघेही दूत, आणि दोघांचंही निधन १९११ मध्ये. मोल सँ-निकोला ‘विकत मागितलं’ असंही लिहिलं जातं. मागणी भाडेपट्ट्याची होती, आणि फिर्मँ यांचा मुख्य आक्षेप पट्ट्याला जोडलेल्या अटीवर होता.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

फ्रेंच येत नसेल तर १८८५ च्या ग्रंथाचं २००० साली निघालेलं इंग्रजी भाषांतर घ्या, पण पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी प्रस्तावना, मग मोजमापांची प्रकरणं, मग हैतीवरचं लिखाण. वाटाघाटींसाठी डग्लस यांचे १८९१ चे दोन लेख वाचा आणि शेजारी २२ एप्रिलचं फिर्मँ यांचं पत्र ठेवा. फ्रेंच येत असेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मूळ ग्रंथ मोफत आहे. त्यातले तक्ते मूळ प्रतीतच पाहा, कारण आकड्यांचे रकाने भाषांतराच्या मांडणीपेक्षा तिथे सलग नजरेखालून घालता येतात.